रोलिंग हँडल गंजून अडकलं, या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार. तुम्ही एक तारा देऊन लिहिलंत, की रोलिंग हँडल (पकडीच्या व्यायामाचं, वजन लटकवून उचलायचं फिरतं हँडल) गोव्यातल्या मोरजीच्या घरी तीन महिन्यांत गंजून अडकलं, आम्ही काउंटरवर सांगितलं म्हणून डब्ल्यूडी-४० मारलं, आणि आठ दिवसांत ते पुन्हा अडकलं. आता ग्रिपरसुद्धा (हाताने दाबायचं स्प्रिंगचं साधन) व्हिनेगरमध्ये टाकू का, असंही विचारलंत.

तक्रार खरी आहे आणि सल्ला आमचा चुकला. पावडर कोटिंग फक्त बाहेरच्या नळीला आहे. आतला २५ मिमीचा रॉड साध्या माइल्ड स्टीलचा आहे, त्यामुळे वर्णनात ‘गंजरोधक’ लिहायलाच नको होतं. तो शब्द आम्ही काढला आहे. स्प्रेने गंज निघत नाही. त्यातला पातळ द्रावक उडून जातो आणि मागे उरलेल्या तेलात गंजाची भुकटी नि हाताला लावायची चॉकची पूड यांचा चिखल होतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून रॉड आणि बेअरिंगमधली बारीक फट भरते.

हँडल उघडावंच लागेल. टोकाची सर्क्लिप (बेअरिंग जागेवर धरणारी स्प्रिंगसारखी कडी) सर्क्लिप-प्लायरनेच काढा, डोळ्यांवर सुरक्षा चष्मा असू द्या. स्क्रूड्रायव्हरने उचकटली तर ती उडते. बेअरिंग रॉडवरून काढताना जोर आतल्या रिंगवर द्या आणि नळीत बसवताना बाहेरच्या रिंगवर. उलटं केलंत तर गोळ्यांचे खड्डे पडतात आणि नवं बेअरिंगही खरखरतं. काढलेलं बेअरिंग बोटावर फिरवा. कण लागल्यासारखं अडखळलं तर धुण्यात वेळ घालवू नका, नवं ६००५-२आरएस (२५ मिमी रॉडला बसणारं, दोन्ही बाजूंनी सील असलेलं बेअरिंग) घाला.

व्हिनेगर फक्त रॉडला. किराणा दुकानातलं पांढरं घ्या. आपलं माडाचं व्हिनेगर जेवणातच राहू दे, त्यातला गाळ रॉडवर बसतो. ४० मिमीच्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्याला खालून टोपी लावून रॉड उभा ठेवला तर पाव लिटरात बुडतो. बारा तासांनी काढून बारीक स्टील वूलने घासा. काळा थर पुसला गेला की पुरे. चोवीस तासांपुढे व्हिनेगर चांगलं लोखंडही खाऊ लागतं. मग लिटरभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून धुवा आणि लगेच हेअर ड्रायरने वाळवा. पावसाळ्यात ओला रॉड ठेवून चहाला गेलात तर परत येईपर्यंत त्यावर केशरी पापुद्रा आलेला असतो. शेवटी ६०० नंबरचा एमरी पेपर. बेअरिंग बसतं तिथे मात्र हलक्या हाताने. जागा ढिली झाली की वजन लागल्यावर आतली रिंगच रॉडवर घसरते.

रॉडवर लिथियम ग्रीसचा पातळ हात द्या. सीलबंद बेअरिंगमध्ये काही भरू नका आणि बाहेरच्या नळीला तेलाचा थेंबही नको, पकड सुटेल. हँडल रिकामं फिरतं पण वीस किलो लावल्यावर अडतं, असं झालं तर रॉड वाकला असू शकतो. काचेवर लोळवून पाहिलात की लगेच कळतं.

ग्रिपर व्हिनेगरमध्ये अजिबात टाकू नका. आम्लात हायड्रोजन स्प्रिंगच्या पोलादात शिरतो, स्प्रिंग ठिसूळ होते आणि दाबताना तुटू शकते. पितळी ब्रशने घासा, वेटोळ्याच्या फटीत मशीन ऑइलचे दोन थेंब सोडा, बाहेरचं पुसून घ्या.

एवढं सगळं तुम्हीच करावं असं आमचं म्हणणं नाही. हँडल म्हापशाच्या दुकानात आणा, रॉड ३१६ स्टेनलेसचा आणि दोन्ही बेअरिंग बदलून देऊ, खर्च आमचा. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत ३०४ या नेहमीच्या स्टेनलेसवरही तपकिरी डाग येतात, म्हणून ३१६. नको असेल तर पूर्ण पैसे परत. नव्या रॉडनंतरही व्यायाम झाला की चॉक कोरड्या ब्रशने झाडा, घामाचा हात लागलेली टोकं पुसा आणि हँडल बाल्कनीत ठेवू नका.