दांडिया बाजारचा ओटा आणि हेमंतचं वार्षिक पॅकेज

स्वयंपाकाचं तेल दहा टक्के कमी करण्याचं पंतप्रधानांचं ते आवाहन, मग वजन उतरवायचं ते इंजेक्शन आणि त्यात हेमंतने भरलेले जिमचे वर्षाचे पैसे. तिन्ही विषय एकाच संध्याकाळी ओट्यावर आले म्हटल्यावर जयेशभाईच्या लारीवरून चहाची दुसरी फेरी येणारच होती.

हेमंतने नवरात्रीच्या तोंडावर पैसे भरले. बडोद्यात निम्मं गाव तेच करतं. चणियाचोळी आणि केडियूची मापं द्यायची वेळ आली की लोकांना पोट दिसायला लागतं. दसऱ्याच्या फाफडा-जिलेबीनंतर ते परत दिसेनासं होतं. हेमंत जिमला किती वेळा गेला, हे विचारल्यावर तो म्हणाला, "पार्किंगचा प्रॉब्लेम आहे."

"प्रॉब्लेम पार्किंगचा नाही, माइंडसेटचा आहे," मिलिंद म्हणाला. मिलिंद विमा विकतो आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवतो. "वजन पोटावर नसतं हेमंत, मनावर असतं."

"मग छत्तीसची पँट मनाला घालतो का तो?" विदुलाने विचारलं.

विदुला फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांचे गुडघे, कंबर आणि सबबी असं तिन्ही रोज बघते. तिची बाजू मी मुद्दाम घेतो असं वाटलं तर वाटू दे.

मिलिंदने फोन काढला. "सायंटिफिकली सांगतो, फक्त एकवीस दिवस. एकवीस दिवस सलग केलंस की सवय लागते. मी व्हिडिओ पाठवलाय ग्रुपवर."

"ते एकवीस दिवस कुठून आले ठाऊक आहे?" विदुला म्हणाली. "1960 मध्ये एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनने लिहिलं की ऑपरेशननंतर नवा चेहरा अंगवळणी पडायला माणसाला किमान एकवीस दिवस लागतात. तो नाकाबद्दल बोलत होता, तुम्ही पोटाला लावलंत. 2010 मध्ये लंडनच्या संशोधकांचा अभ्यास छापून आला. शहाण्णव लोक, प्रत्येकाने रोज एकच छोटी गोष्ट करायची. ती आपोआप व्हायला सरासरी सहासष्ट दिवस लागले. कुणाला अठरा, तर कुणाला हिशेबाने दोनशे चोपन्न. पाणी पिण्यासारखी सवय लवकर लागली, व्यायामाची सगळ्यात उशिरा. आणि त्यात कामाची गोष्ट काय, तर एखादा दिवस चुकला म्हणून काही बिघडलं नाही. तुझा व्हिडिओ सांगतो 'सलग'. मग बाविसाव्या दिवशी पाहुणे येतात, एक खाडा होतो, आणि माणूस म्हणतो, गेलं सगळं, आता पुढच्या सोमवारी बघू."

"पुढच्या वर्षी," हेमंतने दुरुस्ती केली.

आप्पा इतका वेळ गप्प होते, म्हणजे मोठं काहीतरी येणार होतं. "तुमच्या पिढीत जिद्दच नाही. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये जाऊन बघा. गामा पैलवानाने उचललेला दगड आहे. 1902, डिसेंबरची तेवीस तारीख. बाराशे किलो! कोरून ठेवलंय त्यावर."

"आप्पा, बाराशे किलो उचलले की हलवले?"

"उचलले. बडोद्यात राहून शंका घेतेस?"

"घेत नाही. पण तो दगड बघून आजवर एकाचं तरी पोट कमी झालंय का? फोटो काढून लोक बाहेर येतात आणि भेळ खातात."

आप्पांनी लगेच माणिकरावांचा आखाडा काढला. जुम्मादादा व्यायाम मंदिर, मल्लखांब, लेझीम, पहाटेची थंडी, सगळं. आम्हाला वाटलं विदुला आता यालाही टाचणी लावणार. पण ती म्हणाली, "हे मात्र आप्पांचं खरं आहे, फक्त कारण चुकीचं देतायत. आखाड्यात काय जिद्दीची पोती ठेवलेली होती? वेळ ठरलेली होती. जागा घराजवळ होती. आज काय करायचं ते उस्ताद सांगायचे, तुम्ही ठरवायचं नाही. आणि नाही गेलात तर दुसऱ्या दिवशी चार जणांसमोर विचारणा व्हायची. तिथे प्रेरणा नव्हती आप्पा, हजेरी होती."

आप्पांना हे कौतुक आहे की अपमान ते कळेना, म्हणून त्यांनी चहा संपवला.

"हेमंत, तुझं जिम कुठे आहे?"

"अकोट्याला."

"ऑफिस मकरपुऱ्याला, घर इथे. म्हणजे घरी येऊन, सोफ्यावर बसून, परत कपडे घालून अकोट्याला जायचं. तू काय, गामा पण गेला नसता. बॅग स्कूटरच्या डिकीत ठेव आणि ऑफिसातून थेट जा. नाहीतर जिम सोड आणि घरी आल्यावर बूट काढायच्या आधी वीस मिनिटं चालून ये. 'संध्याकाळी व्यायाम करीन' हे ठरवणं नव्हे. 'गाडी स्टँडवर लावली की वर न जाता कोपऱ्यापर्यंत चालत जाईन' हे ठरवणं. आणि वाईट दिवसासाठी किमान काय ते आधीच नक्की कर. दहा मिनिटं. ताप नसेल तर दहा मिनिटं व्हायलाच हवीत. दोन दिवस लागोपाठ खाडा नाही, एवढा एकच नियम."

"दहा मिनिटांनी काय होतं?" मिलिंद.

"वजनाला काही होत नाही. अकराव्या दिवशी माणूस अजून चालतोय, एवढंच होतं."

जयेशभाई गाळणी आपटत म्हणाले, "बेन, दस हजार कदम तो करवाज पडे ने?"

"नाही हो. तो आकडा 1965 च्या एका जपानी पेडोमीटरचा. यंत्राचं नावच 'दहा हजार पावलं मोजणारं' असं होतं, खपायला सोपं. तुम्ही लारीवर उभे असता, दिवसाची तीन-चार हजार होत असतील. आठवड्याला पाचशे वाढवा. पण तुमची शुगरची गोळी कुठली आहे ते आधी डॉक्टरांना विचारा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना खाणं कमी केलं आणि चालणं वाढवलं, तर शुगर एकदम खाली येऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. खिशात ग्लुकोज ठेवा आणि डोस बघून घ्या. छातीत दाब आला तर चालणं तिथेच थांबवायचं, 'गॅस असेल' म्हणायचं नाही."

मग गाडी तेलावर आली. हेमंतच्या घरी चौघांना महिन्याला पाच लिटरचा डबा लागतो. तो अभिमानाने म्हणाला की आता साडेचार करणार.

विदुलाने पेपर नॅपकिनवर हिशेब मांडला. पाच लिटर चौघांत म्हणजे माणशी रोज चाळीस मिलिलिटरच्या वर, साधारण साडेतीनशे कॅलरी नुसत्या तेलाच्या. त्यातले दहा टक्के कमी केले तर रोज पस्तीसेक वाचतात. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे 7700 कॅलरी, म्हणजे वर्षाला कागदावर दीड-पावणेदोन किलो. "वाईट नाही. फुकट आहे, घाम नाही. पण डबा दोन महिने पुरवलास तर माणशी रोज जवळजवळ पावणेदोनशे वाचतात. डब्यावर मार्करने तारीख लिही. फोडणीला धार सोडायची नाही, चमचा. पाच मिलिलिटरचा चमचा म्हणजे चाळीस-पंचेचाळीस कॅलरी. आणि घरचं तेल कमी केलं म्हणून लीलो चेवडो आणि भाकरवडी आणायची नाही. ते तेलच असतं, फक्त डबा दुकानदाराचा."

"सेव तर हलकी असते," हेमंत म्हणाला. सेवउसळ खाताना तो वरून सेव तीनदा मागतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

"मूठभर, तीस ग्रॅम सेव म्हणजे एकशे साठ कॅलरीच्या आसपास. तुझ्या वजनाच्या माणसाला एक किलोमीटर चालून पन्नास-साठ जळतात. तीनदा मागतोस ना? मग कमाटीबागेतून चालत निघ, थांब थेट आठ-नऊ किलोमीटरवर, दुमाडला."

इथे मिलिंदला परत संधी दिसली. "म्हणूनच म्हणतो, नुसतं पाण्यावर राहायचं. सात दिवसांत चार किलो. माझ्या क्लायंटने..."

"त्या चार किलोत चरबी किती? शरीरात साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमला तीनेक ग्रॅम पाणी चिकटलेलं असतं. खाणं तोडलं की आधी ते जातं. आठव्या दिवशी डाळ-ढोकळी खाल्ली की दीड-दोन किलो परत. मग क्लायंट म्हणतो माझं शरीरच असं आहे. उरलेल्यात स्नायू गेले ते वेगळेच." ती हेमंतकडे वळली. "वजन बघायचं तर रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी. आणि आकडा एका दिवसाचा धरायचा नाही, सात दिवसांची सरासरी मागच्या सात दिवसांशी ताडायची. रात्री खारट खाल्लं, उशिरा जेवलास, तरी किलोभर इकडेतिकडे होतं. सरासरी आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरली तर उत्तम चाललंय. पहिलं ध्येय पाच टक्के. तुझे चौऱ्याऐंशी ना? चार किलो. तेवढ्यानेही शुगर आणि प्रेशरला फरक पडायला लागतो. उंची एकशे अडुसष्ट धरली तर तुझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तीसच्या जवळ आहे, आणि आपल्या लोकांत पंचवीसलाच लठ्ठ म्हणतात."

"कंबर छत्तीस आहे पण माझी."

"ती पँटची कंबर, पोटाखाली बांधलेली. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लाव, श्वास सोड, पोट आत ओढू नकोस. नव्वद सेंटिमीटरच्या वर गेली की पुरुषाला धोका. बायकांना ऐंशी."

हेमंतने तिथेच नकळत पोट आत ओढलं. आप्पा हसले.

व्यायामाचं विचारल्यावर ती सगळ्यात जास्त बोलली, आणि तेच तिचं खरं क्षेत्र. पहिल्या दिवशी जिमवाला शंभर बैठका काढून घेतो, चोवीस ते बहात्तर तासांत मांड्या अशा धरतात की संडासात बसता येत नाही. मग माणूस परत जात नाही. पैसे मात्र वर्षाचे घेतलेले असतात. तिचा क्रम वेगळा. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून. खुर्चीवर बसून उठणं आठ वेळा. भिंतीला टेकून दंड आठ. पाठीवर झोपून कंबर उचलणं दहा. पाण्याच्या बाटल्या भरलेलं दप्तर, चार-पाच किलोचं, कमरेत वाकून पोटाशी ओढणं, प्रत्येक हाताने आठ. कोपरांवर प्लँक, म्हणजे अंग फळीसारखं सरळ धरून, वीस सेकंद. असे पहिल्या आठवड्यात दोन फेरे, नंतर तीन. अजून दोनदा जमलं असतं असं वाटतं तिथे थांबायचं. बारा-बारा सहज व्हायला लागले की खुर्चीऐवजी बुटकं स्टूल, भिंतीऐवजी ओटा, मग जमीन. व्यायाम करताना श्वास कोंडायचा नाही, प्रेशरवाल्यांनी तर मुळीच नाही.

"आणि गरबा?" हेमंतने शेवटचा आधार धरला.

"गरबा हा झकास व्यायाम आहे. वर्षातून नऊ रात्री. त्यातही तुम्ही पहिल्या रात्री अनवाणी तीन तास उड्या मारता आणि चौथ्या दिवशी टाच धरून माझ्याकडे येता. सहा आठवडे आधीपासून एक दिवसाआड पायरीच्या कडेला उभं राहून टाचा वरखाली करा, बारा-बाराचे तीन फेरे. निम्मे पेशंट कमी होतील. आणि रात्री दीडला गरब्यानंतर काय खाता ते मी बोलत नाही."

खाण्यात तिने एकच गोष्ट लावून धरली, प्रथिनं. आपली गोड डाळ पातळ असते, वाटीभरात पाच-सहा ग्रॅमच्या वर जात नाहीत. वजन उतरवताना दर जेवणात वीसेक ग्रॅम हवीत, नाहीतर भूक पण लागते आणि स्नायू पण जातात. पन्नास ग्रॅम कोरडे सोयाचे वडे म्हणजे पंचवीस. शंभर ग्रॅम पनीर म्हणजे अठराच्या आसपास. "किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारून," हे तिने दोनदा सांगितलं. आप्पा म्हणाले, सोयाचे वडे खाण्यापेक्षा पोट बरं.

इंजेक्शनवर वाद होईल असं वाटलं होतं, झाला नाही. मिलिंद म्हणाला ते चीटिंग आहे. विदुला म्हणाली, "प्रेशरची गोळी चीटिंग आहे का? ज्याला गरज आहे त्याने डॉक्टरकडून घ्यावं. भूक खरंच कमी होते. पण डोस हळूहळू वाढवायचा असतो, मळमळ आणि बद्धकोष्ठ होतं, आणि बंद केलं की बहुतेकांचं बरंचसं वजन परत येतं. म्हणजे बैठका त्यांनाही चुकत नाहीत. केमिस्ट ओळखीचा आहे म्हणून घ्यायचं औषध नाही ते."

शेवटी हेमंतनेच विचारलं, "माझी हजेरी घेणार कोण?"

ठरलं असं की रोज सकाळी सव्वासहा, काळा घोड्याकडचं कमाटीबागेचं गेट. न कळवता खाडा केला की पन्नास रुपये. आप्पा म्हणाले, मी फाटकाशी बाकावर बसून वही ठेवीन, पण चालणार नाही. त्यावर मतदान होऊन ते फेटाळलं गेलं.

"दंडाचे पैसे माझ्याकडे जमा करा," मिलिंद म्हणाला. "मी हिशेब ठेवतो."

त्यानंतर जो गलका झाला त्यात पावागडच्या सहलीची वर्गणी निघाली, जी मिलिंदकडे जमा झाली आणि मग कुणाला दिसली नाही. त्याच सहलीत तो रोपवेने वर गेला होता, बाटलीतलं पाणी कपाळाला लावून पायऱ्यांवर फोटो काढला होता आणि खाली 'नेव्हर गिव्ह अप' असं लिहून सगळ्या क्लायंटना पाठवला होता. आम्ही पायऱ्या चढून वर पोचलो तेव्हा साहेब लिंबूपाणी पीत होते.

"दंड असा हवा की देताना झोंबेल," विदुला म्हणाली. "हेमंतने खाडा केला तर त्या पैशांतून मिलिंदला चहा."

"मी रोज येतो," हेमंत ताबडतोब म्हणाला.

"आणि मिलिंदने खाडा केला तर?" आप्पांनी विचारलं.

जयेशभाईंनी लारीवरूनच हात पुढे केला. "पहेला पावागडना आप, पछी बीजी वात."

मिलिंदचा फोन नेमका तेव्हाच वाजला. निदान तो तसं म्हणाला.