बिलं काढणारा आत आहे

परवा सोसायटीची ८४ मेंटेनन्स बिलं काढायला बसलो. दोन वर्षं बिनतक्रार राबणाऱ्या माझ्या छोट्याशा प्रोग्रामवर डबल क्लिक केलं आणि तो डोळ्यांदेखत गायब! कोपऱ्यात अँटीव्हायरसची हिरवी खूण: ‘धोका दूर केला.’

मागे सेक्रेटरीकाका उभे. हिरवं बघून खूश.

‘‘वा! गेला ना?’’

‘‘काका, तो आपला होता. बिलं काढणारा.’’

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. ‘‘मग त्यानं केलं काय?’’

‘‘काहीच नाही.’’

‘‘असं कसं? उगाच कोणी कोणाची कॉलर धरत नाही.’’ मग आवाज खाली आणून, ‘‘मागच्या ऑडिटला ते एकशेवीस रुपये जुळत नव्हते, आठवतंय?’’

हे तेच काका, ज्यांच्या जावयाला नाव गेटच्या ॲपात नाही म्हणून आमच्या वॉचमनने घोडबंदर रोडच्या धुळीत अर्धा तास उभं केलं होतं. तेव्हा वॉचमन नालायक होता. आता अँटीव्हायरस कर्तव्यदक्ष!

प्रोग्राममध्ये काडीचाही बदल नव्हता. बदललं होतं ते अँटीव्हायरसचं रात्रीत आलेलं अपडेट. पायथॉन या भाषेत लिहून पायइन्स्टॉलर नावाच्या अवजाराने एकाच एक्झी, म्हणजे थेट चालणाऱ्या, फाइलीत बांधलेला हा प्रोग्राम चालू झाला की आपलं बोचकं टेम्प, म्हणजे तात्पुरत्या, फोल्डरात सोडतो आणि तिथून कामाला लागतो. चोरटे प्रोग्रामही हेच करतात, आणि त्यांतले बरेच याच अवजाराने बांधलेले असतात. त्यात डिजिटल सही नाही, आणि अख्ख्या जगात ही फाइल माझ्या एकट्याच्या संगणकावर. अनोळखी इसम, ओळखपत्र नाही, पाठीवर गाठोडं. (एका फाइलीऐवजी फोल्डर बांधला आणि फाइल दाबून लहान करणारं यूपीएक्स बंद ठेवलं, तर संशय पुष्कळ कमी होतो. हे शहाणपण मला नंतर सुचलं.)

काकांना सांगितलं, क्वारंटाइनमधली फाइल मेलेली नसते, नुसती कोठडीत असते. ‘‘मग सोडवा की!’’ सोडवतो, पण आधी चौकशी. एक्झी व्हायरसटोटल या वेबसाइटवर चढवायची, तिथे साठ-सत्तर अँटीव्हायरसांची इंजिनं ती तपासतात. दोन-तीनच ओरडत असतील, आणि त्यांनी दिलेल्या नावात ‘जेनेरिक’, ‘ह्युर’ किंवा ‘एमएल’ असेल, तर तो बहुधा नुसता अंदाज. तीस ओरडले तर काकांचं खरं. सभासदांची नावं आणि फोन असलेली एक्सेल मात्र तिथे चुकूनही चढवू नये, चढवलेलं इतरांच्याही हाती लागतं.

मग आधी अपवाद, म्हणजे ‘याला हात लावू नको’ असं अँटीव्हायरसला सांगणं, नंतर सुटका. उलटं केलं की फाइल परत येते आणि दोन सेकंदांत पुन्हा आत. मी तीनदा उलटं केलं. विंडोजच्या स्वतःच्या डिफेंडर अँटीव्हायरसात वाट अशी: विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, आणि पार तळाला एक्सक्लूजन्स. तिथे त्या प्रोग्रामपुरता वेगळा फोल्डर घालायचा. कंटाळून अख्खं डाउनलोड्स घालणं म्हणजे वॉचमनलाच सुट्टी देणं. मग प्रोटेक्शन हिस्टरीत जाऊन रिस्टोअर. माझ्या पैसे भरून घेतलेल्या अँटीव्हायरसात हीच बटणं चार पडद्यांआड दडलेली आहेत. ‘आजच रिन्यू करा’ मात्र रोज सकाळी चहाआधी पडद्याच्या मधोमध.

मोठमोठ्यांचंही असं होतं म्हणा. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफी या अँटीव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची एसव्हीसीहोस्ट फाइलच व्हायरस ठरवली, आणि जगभरची ऑफिसं पुन्हापुन्हा रीस्टार्ट होणाऱ्या संगणकांकडे बघत बसली. त्यांची दखल तरी घेतली गेली. माझ्या ८४ बिलांसाठी कोण रडतंय!

माझ्या अँटीव्हायरसच्या कंपनीकडे ‘चुकून पकडलं’ असा अर्ज केला. फाइल झिप करून पासवर्ड लावून पाठवा, म्हणाले. पासवर्ड कोणता? ‘इन्फेक्टेड’. या धंद्यात तीच रीत आहे. निर्दोष आहे म्हणून अर्ज करायचा आणि लिफाफ्यावर आपल्याच हाताने ‘रोगी’ लिहायचं!

बिलं तीन दिवस उशिरा गेली. काल लिफ्टमध्ये काका भेटले. चार माणसं होती, म्हणून कानाशी येऊन कुजबुजले, ‘‘सुटला का तो?’’

‘‘सुटला.’’

‘‘बरं झालं. पण यापुढे बेरजा मी हातानेही करून बघेन.’’