साडेसहा कोटींचा गोलंदाज, चौदा कोटींची पायरी

आयपीएलचा मेगा लिलाव झाला की मुंबई-पुण्याकडून दरवेळी तोच सूर येतो. तीन वर्षं घडवलेला संघ दोन दिवसांत मोडायचा, हा कुठला न्याय? लिलाव बंद करा आणि अमेरिकेसारखी सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा, आणा! चीड रास्त आहे. पण इथे अमेरिकेत एनबीए या बास्केटबॉल लीगचा जुलै महिना, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंचा बाजार, जवळून पाहिला की कळतं, कॅप असूनही संघ मोडतातच. फक्त बिनीचे खेळाडू सहसा जागेवर राहतात आणि सातवा-आठवा गडी निसटतो. त्याला ठेवता येणार की नाही हे ठरवणारं गणित आपल्याकडच्या वादात कुणी मांडत नाही.

आधी घरचं उदाहरण घेऊ. कल्याणच्या तुषार देशपांडेला चेन्नईने २०२२ साली २० लाखांना घेतलं. २०२३च्या विजेतेपदाच्या मोसमात त्याने २१ बळी घेतले, चेन्नईकडून सर्वांत जास्त. जुलै २०२४मध्ये तो भारताकडून खेळला आणि ‘अनकॅप्ड’, म्हणजे देशाकडून न खेळलेला, राहिला नाही. त्या वर्षअखेरच्या लिलावाआधी चेन्नईने ऋतुराज, पथिराना, दुबे आणि जडेजा असे चार कॅप्ड खेळाडू राखले, शिवाय पाच वर्षं आंतरराष्ट्रीय क्रिकेट न खेळल्यामुळे अनकॅप्डच्या दरात, ४ कोटींना, धोनी. राखण्याच्या पायऱ्या, म्हणजे पहिल्या ते पाचव्या कॅप्ड खेळाडूसाठी कापली जाणारी रक्कम, होत्या १८, १४, ११, १८ आणि १४ कोटी. म्हणजे पाचवा कॅप्ड खेळाडू म्हणून तुषारला ठेवायचं तर पर्समधून, म्हणजे संघाला खर्चायला ठरवून दिलेल्या रकमेतून, १४ कोटी गेले असते आणि उरलेलं एकमेव राइट टू मॅच कार्डही (लिलावातल्या बोलीइतकी किंमत देऊन आपला जुना खेळाडू परत घ्यायचा हक्क) हातचं गेलं असतं, कारण राखलेले आणि कार्डाने घेतलेले मिळून सहाच. लिलावात राजस्थानने त्याला साडेसहा कोटींना नेलं, आणि चेन्नईने ते कार्ड रचिन रवींद्रसाठी ४ कोटींना वापरलं. ज्याची बाजारातली किंमत साडेसहा, त्याला ठेवायचा दर चौदा. असा नियम असताना चेन्नईच्या व्यवस्थापनाला दोष देण्यात काय अर्थ आहे?

एनबीएत राखायची किंमत मोजायची पद्धतच वेगळी आहे. कॅप (२०२५-२६ला सुमारे १५.४६ कोटी डॉलर) ओलांडूनही स्वतःच्या खेळाडूशी पुन्हा करार करता येतो, पण किती देता येईल ते त्याने तुमच्याकडे किती मोसम काढले यावर. तीन मोसम झाले की पूर्ण ‘बर्ड राइट्स’: त्याच्या कमाल पगारापर्यंत, पाच वर्षांपर्यंत, दरसाल ८ टक्के वाढीने. दोन मोसम असतील तर ‘अर्ली बर्ड’: मागच्या पगाराच्या १७५ टक्के किंवा लीगच्या सरासरी पगाराच्या १०५ टक्के, जे जास्त असेल ते, आणि करार किमान दोन वर्षांचा. एकच मोसम असेल तर ‘नॉन-बर्ड’: मागच्या पगाराच्या जेमतेम १२० टक्के.

या टक्क्यांनी काय होतं ते डेन्व्हरला विचारा. २०२२मध्ये त्यांनी ब्रूस ब्राउनला वर्षाला सुमारे ६५ लाख डॉलरवर घेतलं. करार दोन वर्षांचा होता, पण दुसरं वर्ष राहायचं की नाही हे खेळाडूच्या हाती. जून २०२३मध्ये डेन्व्हर विजेता झाला आणि ब्राउन मोकळा झाला. एकच मोसम झालेला, तेव्हा १२० टक्क्यांच्या हिशेबाने डेन्व्हरला देता येत होते सुमारे ७८ लाख. इंडियानाने दोन वर्षांचे ४.५ कोटी पुढे ठेवले. इथे मालकाचा खिसा कितीही मोठा असला तरी उपयोग नव्हता.

न्यूयॉर्क निक्सचं प्रकरण जास्त शिकवणारं आहे. आयझाया हार्टनस्टाइनचा २०२२चा करार दोन वर्षांचा, एकूण १.६ कोटींचा. २०२४ला तो मोकळा झाला तेव्हा निक्सकडे अर्ली बर्डच होता. पहिल्या वर्षाला सुमारे १.६२ कोटी आणि चार वर्षांचे मिळून सव्वासात कोटी, यापुढे एक डॉलर नाही. ओक्लाहोमा सिटीकडे कॅपमध्ये जागा होती. त्यांनी तीन वर्षांचे ८.७ कोटी दिले आणि पुढच्याच वर्षी ते विजेते झाले. मूळ करार तीन वर्षांचा असता तर निक्सकडे पूर्ण बर्ड असता. म्हणून इथले जाणते लोक स्वस्तात मिळालेल्या खेळाडूच्या करारात आधी आकडा बघत नाहीत, मुदत बघतात. राखण्याची लढाई दोन-तीन वर्षं आधी, कुणाचं लक्ष नसताना हरलेली असते.

हक्क असला तरी तो फुकट बसत नाही. खेळाडू मोकळा झाल्याच्या क्षणापासून त्याच्या नावाची रक्कम, म्हणजे ‘कॅप होल्ड’, संघाच्या कॅपवर चढते. साधारणपणे पूर्ण बर्डवाल्याचा मागचा पगार सरासरीपेक्षा कमी असेल तर १९० टक्के, जास्त असेल तर १५० टक्के. हक्क सोडला किंवा खेळाडूने करार केला तरच ती उतरते. होल्ड लहान आणि होणारा करार मोठा असेल, तर क्रम सांभाळायचा: बाहेरचा खेळाडू आधी, घरचा शेवटी. फिलाडेल्फियाने २०२४मध्ये टायरिस मॅक्सीचा सुमारे १.३ कोटींचा होल्ड तसाच ठेवून पॉल जॉर्जला आणलं आणि मग मॅक्सीला पाच वर्षांचे वीस कोटींहून जास्त दिले. क्रम उलटा केला असता तर जॉर्जसाठी जागाच उरली नसती.

आणि हक्क, पैसा दोन्ही असूनही हात बांधलेले असू शकतात. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०२३च्या करारनाम्याने ‘सेकंड एप्रन’ आणला, म्हणजे कॅपच्याही बरीच वर एकूण पगाराची आणखी एक रेषा. २०२५-२६ला ही रेषा सुमारे २०.७८ कोटी डॉलरवर होती. ती ओलांडली की अदलाबदलीत दोन पगार जोडून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, मिड-लेव्हल सवलत (कॅपवर असूनही बाहेरचा मध्यम पगाराचा खेळाडू घ्यायची मुभा) जाते, सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा पिक (नवे खेळाडू निवडायचा हक्क) गोठतो, म्हणजे अदलाबदलीत देता येत नाही. मिनेसोटाने २०२५मध्ये नाझ रीडला पाच वर्षांचे साडेबारा कोटी दिले, ज्युलियस रँडललाही ठेवलं, आणि निकील अलेक्झांडर-वॉकर अटलांटाला गेला. एप्रनखाली तिघे मावत नव्हते.

म्हणून ‘अमेरिकेची कॅप आणा’ हे मला मान्य नाही. मर्यादा ओलांडायची मुभा आली की श्रीमंत मालक साठेबाजी करतो, मग तिला वेसण घालायला कर, मग त्यावर एप्रन. शिवाय एनबीएची कॅप हवेतून येत नाही. लीगच्या बास्केटबॉलशी निगडित उत्पन्नाचा ४९ ते ५१ टक्के वाटा खेळाडूंचा, हे त्यांच्या संघटनेने भांडून मिळवलंय. आपल्याकडे पर्स बोर्ड ठरवतं. २०२५ला ती १२० कोटी होती, मॅच फीचे १२.६० कोटी वेगळे. दहा संघांचे मिळून १,३२६ कोटी. २०२३ ते २०२७चे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले, म्हणजे वर्षाला सरासरी ९,६७८ कोटी. बाकीचं उत्पन्न सोडा, नुसत्या प्रक्षेपणाशी ताडलं तरी चौदा टक्क्यांच्या आत! आणि कॅप मागणाऱ्यांपैकी संघटना मागणारे किती?

लिलावाच्या बाजूनेही बोलायला हवं. २० लाखांवरून साडेसहा कोटींवर तुषारला लिलावानेच नेलं. राइट टू मॅच वापरल्यावर समोरच्याला आणखी एकदा बोली वाढवू देण्याचा २०२४चा बदलही खेळाडूच्या फायद्याचा ठरला. दिल्लीने ऋषभ पंतसाठी २०.७५ कोटींवर कार्ड काढलं, तर लखनऊ थेट २७वर गेलं.

घ्यायची असेल तर एकच गोष्ट घ्यावी: मोसमांवर मिळणारा हक्क, तोही पर्सच्या आत. सलग तीन मोसम एका संघात काढलेल्या एका खेळाडूला सहा जणांच्या यादीबाहेर ठेवू द्या आणि पर्समधून पायरी नव्हे, ठरलेली खरी रक्कम वजा करा. दर नुसत्या टक्क्यांवर बांधला तर फसेल, कारण २० लाखांचे १७५ टक्के म्हणजे ३५ लाख. त्यासाठीच एनबीएसारखा सरासरीचा तळ हवा. १२० कोटी भागिले २५ खेळाडू म्हणजे ४.८ कोटी, त्याचे १०५ टक्के म्हणजे पाच कोटींच्या थोडं वर. हा किमान दर. त्यापुढे दोघांनी ठरवावं, आणि न पटल्यास खेळाडूने खुशाल लिलावात जावं.

एक पळवाट मात्र आधीच बुजवावी लागेल. एनबीएत खेळाडू ट्रेड झाला तर त्याचे मोसम पुसले जात नाहीत, नव्या संघाबरोबर पुढे मोजले जातात. नोव्हेंबर २०२५मध्ये जडेजा राजस्थानला गेला, सॅमसन चेन्नईला आला आणि पालघरचा शार्दूल ठाकूर लखनऊकडून २ कोटींत मुंबईकडे आला. ट्रेड आता आपल्याकडेही रुळलेत. मोसम पुसण्याची सोय ठेवली, तर दुसरा मोसम संपताच अशा गड्यांची अदलाबदल करून हक्क तयारच होऊ न देणारे संघ निघतील.