टॅकल चांगला झाला की धडकी भरते

मडगावच्या फातोर्ड्यातल्या नेहरू स्टेडियमवर फुटबॉलच्या सामन्यात आमच्या स्टॉपरनं, म्हणजे मधल्या बचावपटूनं, झकास टॅकल करून समोरच्याच्या पायातला बॉल काढला की आमच्या बाजूच्या स्टँडमध्ये टाळ्या वाजत नाहीत. सगळे गप्प होतात. एखादा नवखा उठून शिट्टी मारतो, तर बाकीचे त्याच्याकडे बघतात ते मांजर आडवं गेलं तरी तसाच पुढं चालत राहणाऱ्या माणसाकडे बघावं तसं. हा पोरगा साधारण खेळत असला तर काळजी नाही, हा आमचा अनुभव. त्यानं काहीतरी अप्रतिम केलं की मात्र पुढची दहा सेकंदं देवाच्या हवाली.

त्याचं नाव लिहीत नाही. गोव्यात कुणाचंही नाव छापलं की संध्याकाळपर्यंत त्याची मावशी आपल्या चुलतबहिणीची विहीण निघते, आणि चतुर्थीला समोरासमोर बसून नेवऱ्या खायची पाळी येते. एवढंच सांगतो: वय 23, उंची भरपूर, पाय डावा. डाव्या पायाचा स्टॉपर म्हणजे काय चीज हे स्टँडमधल्या चणेवाल्यालाही कळतं. डाव्या बाजूला उभं राहून तो बॉल डाव्या पायावर घेतो तेव्हा सगळं मैदान त्याच्यासमोर उघडं असतं. रेषेलगत विंगरला देता येतो, आत मिडफिल्डरला तिरका घालता येतो, नाहीतर सरळ पलीकडच्या विंगला उचलता येतो. उजव्या पायाचा माणूस तिथं ठेवला तर तो बॉल आधी आत ओढतो, एक टच जादा घेतो, आणि तेवढ्यात स्ट्रायकर अंगावर. म्हणून असा पोरगा मिळावा म्हणून क्लब गावोगाव माणसं फिरवतात. आमच्याकडे तो आहे, आणि आमचा रक्तदाबही आहे.

सामना साडेसातचा. साडेनऊच्या आसपास शेवटची शिट्टी, पार्किंगमधून बाहेर पडायला आणखी अर्धा तास, आणि मग फोंड्यापर्यंतचे 18-20 किलोमीटर. एवढ्या रात्री कदंबच्या सरकारी बसवर भरवसा ठेवायला आमच्यात कुणी तेवढा आशावादी नाही, म्हणून एका गाडीत पाच जण. चालवायला गॅरेजवाला दादा, त्याच्या शेजारी निवृत्त पीटी मास्तर, मागं खिडकीशी बँकेतले काका, दुसऱ्या खिडकीशी मोबाइल घेऊन त्यांचा भाचा, आणि मधली जागा माझी. ही जागा म्हणजे होल्डिंग मिडफिल्डरची जागा. दोन्ही बाजूंनी कोपर लागतात आणि नावावर एक गोल नाही.

वाद सुरू होतो मराठीत. वाटेतलं राय गाव येईपर्यंत तो कोंकणीत शिरतो, आणि बोरीच्या पुलावर कोण कुठल्या भाषेत बोलतोय ते खाली जुवारी नदीलाही कळत नसावं.

काकांचं निदान ठरलेलं. "भायर मार रे! बॉल आला की भायर!" हेच ते दोन तास स्टँडमध्ये ओरडलेले असतात, तरी गाडीत ते नव्यानं सुचल्यासारखं सांगतात. पुढं पुरावा येतो डेंपो या गोव्याच्या क्लबचा. 2004-05 ते 2011-12 या काळात डेंपोनं पाच राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली ती जणू समीर नाईक, महेश गवळी यांच्यासारख्या स्टॉपरांनी बॉल बाहेर मारून मारूनच. मास्तर मान न वळवता म्हणतात, "काका, चांगल्या स्टॉपरची चड्डी सामना संपल्यावर स्वच्छ असते. तो आधीच योग्य जागी उभा असतो, मग पडायची वेळ कशाला येईल?" त्यावर काका म्हणतात, "मग याची चड्डी बघा."

चड्डीबद्दल दुमत नाही. पण गोल खाल्ला जातो तो बहुतेक वेळा पडल्यामुळं नाही. 2019 मध्ये गोल-किकचा, म्हणजे आपल्या गोलसमोरून बॉल मारून खेळ पुन्हा सुरू करायचा, नियम बदलला. पूर्वी बॉल पेनल्टी एरियाबाहेर गेल्याशिवाय आपल्याच माणसालाही तो घेता येत नसे. आता गोलकीपर शेजारी उभ्या स्टॉपरला तिथल्या तिथं देऊ शकतो. प्रशिक्षकांना नवं खेळणं मिळालं आणि स्टॉपरच्या मागं नवा व्याप लागला. किपरच्या पायातून निघालेला बॉल स्टॉपरकडे पोचायला सेकंद-दीड सेकंद लागतो. तेवढ्यात त्यानं दोनदा मान वळवून कोण कुठं आहे ते बघायचं, पाठ साइडलाइनकडे करून अर्धवट वळून उभं राहायचं, आणि बॉल अंगावरून जाऊ देऊन पलीकडच्या पायावर घ्यायचा. आमचा पोरगा दहापैकी नऊ वेळा हे असं करतो की शाळेच्या पोरांना आणून दाखवावं. दहाव्या वेळी तो छाती किपरकडे करून खांबासारखा उभा राहतो आणि बॉल उजव्या पायाच्या तळव्याखाली थांबवतो. आता त्याला मैदानातला एकच माणूस दिसतो, तो म्हणजे स्वतःचा किपर. स्ट्रायकर सरळ येतच नाही. तो कमान घेत धावतो, त्यामुळं मिडफिल्डरकडे जायची वाट त्याच्या पाठीमागं झाकली जाते. उरला किपरला परत पास. तोही उजव्या पायानं, घाईत. त्यात हिवाळ्यात रात्री गवतावर दव उतरलेलं. पहिल्या हाफमध्ये ज्या जोरानं दिलेला पास बरोबर पोचत होता, तोच आता घसरत किपरच्या बाजूनं निघून जातो. पुढचं सगळ्यांनी पाहिलंय.

तळव्याखाली बॉल थांबवायची ही सवय आली कुठून, याचा शोध मात्र गाडीत कुणी घेत नाही. भात कापून झालं की रिकाम्या शेतात काठ्यांचे गोलपोस्ट रोवून गोव्यातली कितीतरी पोरं खेळायला शिकतात. तिथं जमिनीत खुंट, मध्ये बांध, आणि बॉल तुमच्यापर्यंत पोचताना तीनदा मत बदलतो. तिथं शहाणपण एकच. आधी पायाखाली दाबून धरायचा आणि मग काय करायचं ते ठरवायचं. शेतात ते बरोबरच होतं. गालिच्यासारख्या मैदानावर तेवढा वेळ कुणी देत नाही.

राय मागं पडलं की भाच्याचा फोन बाहेर येतो. "मामा, जॉन स्टोन्स घ्या." 3 जानेवारी 2019, इंग्लंडची प्रीमियर लीग, स्टोन्सची मँचेस्टर सिटी विरुद्ध लिव्हरपूल. स्टोन्सनं मारलेला क्लिअरन्स स्वतःच्याच किपरला आपटून उलटा गोलकडे निघाला. स्टोन्सनंच धावत जाऊन तो रेषेवरून काढला. यंत्रानं सांगितलं, पूर्ण रेषेपार जायला 11.7 मिलिमीटर कमी पडले. सिटी 2-1 नं जिंकली, आणि मे महिन्यात लीगही जिंकली ती 98 विरुद्ध 97 गुणांनी.

"पण तिकडं पाठवला कुणी बॉल?" काका.

"त्यानंच."

"मग?"

भाचा माघार घेत नाही. लगेच हॅरी मग्वायर काढतो. 2019 मध्ये मँचेस्टर युनायटेडनं मोजले 8 कोटी पौंड, बचावपटूसाठी तोवरची जगातली सर्वांत मोठी किंमत. पुढं त्याच्यावर इतके विनोद झाले की अर्ध्या जगाला त्याचं कपाळ तोंडपाठ. 2023 मध्ये कप्तानपदही गेलं. आणि 17 एप्रिल 2025 ला लियोंविरुद्ध, जादा वेळही संपत आलेला असताना, त्याच कपाळानं विजयाचा गोल, 5-4. "बघा, धीर धरला तर!"

"म्हणजे आम्ही सहा वर्षं बोरीच्या पुलावरून असंच जायचं?" दादा गिअर बदलत विचारतो. त्याच्याकडेही एक आकडा असतो. आर्सेनलचा स्टॉपर डेव्हिड लुईझ, प्रीमियर लीगचा मोसम 2019-20, एकट्याच्या चुकांनी दिलेल्या पेनल्टी पाच. हा आकडा त्याला त्याच्या गाडीच्या नंबरपेक्षा पक्का पाठ आहे.

दादाचा दुसरा मुद्दा जास्त धोक्याचा. बॉल गेला ना? मग स्ट्रायकरला तिथंच पाडायचं! इथं मास्तर पाठीमागं वळतात, म्हणजे आता तास सुरू. पंच चार गोष्टी बघतो: गोल किती लांब, खेळ कुठल्या दिशेनं चाललाय, बॉल त्या माणसाच्या ताब्यात राहील का, आणि आडवे येऊ शकणारे बचावपटू किती आणि कुठं. चारही आपल्या विरुद्ध पडल्या तर बॉक्सबाहेर, म्हणजे पेनल्टी एरियाबाहेर, पाडलं तरी लाल कार्ड. बॉक्सच्या आत, 2016 पासून, बॉल खेळायचा खरा प्रयत्न करताना पाय लागला तर पेनल्टी आणि पिवळं. पण शर्ट ओढला, ढकललं, तर पेनल्टी आणि लालही. मास्तर हे बोटांवर मोजून सांगतात, आणि मोजून होईपर्यंत आम्ही पुलावर पोचलेले असतो. पोराला यासाठी अर्धा सेकंद मिळतो.

बरं, आमचं घाबरणं आजचं नाही. 20 डिसेंबर 2015 ला याच फातोर्ड्यावर इंडियन सुपर लीगची (आयएसएल) फायनल होती, गोवा विरुद्ध चेन्नईयन. 87 व्या मिनिटाला फ्री-किकवर गोल, गोवा 2-1 पुढं, आणि फटाके पिशवीतून बाहेर. 90 व्या मिनिटाला स्वयंगोल, दोन मिनिटांनी आणखी एक, आणि चेन्नईयन 3-2. त्या रात्रीपासून इथला माणूस आघाडीलाच घाबरतो. पाठोपाठ दोन चांगल्या गोष्टी घडल्या की तो हळूच घड्याळ बघतो.

माझं मत गाडीत कुणी विचारत नाही, म्हणून इथं लिहितो. उभं राहायची चूक दुरुस्त होते. सरावात रोज वीस मिनिटं, मागून कुणीतरी बोटं वर धरायची, बॉल यायच्या आधी त्यानं मान वळवून किती बोटं आहेत ते ओरडायचं. कंटाळवाणं आहे, पण एका मोसमात मान आपोआप वळायला लागते. ऑफसाइडसाठी बचावपटूंनी धरलेल्या रेषेतून अर्धा मीटर मागं राहून सगळ्या लाइनचं वाटोळं करायचं, हेही शेजारच्यानं दामटून सुधारता येतं. खरं दुखणं आहे ते टॅकलनंतरचं. स्लाइड करून बॉल काढला की तो जमिनीवर असतो. उठायला दोनएक सेकंद जातात. शेजारचा स्टॉपर तोवर त्याची जागा भरायला सरकलेला असतो, म्हणजे आता दोन जागा रिकाम्या. समोरचा संघ नेमका याच क्षणी तुटून पडतो, कारण बॉल जिंकणाऱ्याची मान तेव्हा खाली असते, हे त्यांना शिकवलेलंच असतं. आणि आमचा पोरगा उठता उठता, टाळ्या कानात असल्यासारखा, चाळीस मीटरचा पास शोधू लागतो. टॅकल करणारा आणि पास देणारा यांनी निदान एकमेकांना ओळखायला दोन श्वास तरी घ्यावेत की नाही?

उपाय साधा आहे. शक्यतो उभं राहूनच बॉल काढायचा. पडून काढलाच तर पुढचा टच सर्वांत जवळच्या मोकळ्या माणसाला, तो नसेल तर साइडलाइनबाहेर, थ्रो-इनला. म्हणजे काकांचं "भायर" या एका जागी बरोबर आहे, हे मी त्यांना कधीही सांगणार नाही. आणि त्याच्या शेजारी एक वयस्क, हळू, पण तोंडाळ स्टॉपर हवा. नव्वद मिनिटं बोलणारा. दादा म्हणतो तसं याला लेफ्ट बॅकला, म्हणजे डाव्या कडेच्या बचावाला, हलवून काही साधणार नाही. तिथं साइडलाइन एक बाजू सांभाळते हे खरं, पण सबंध विंग वर-खाली पळायचं, आणि विंगरनं वळवलं की लगेच वळायचं. आमच्या पोराला वळायला बोरीच्या पुलावर ट्रकला लागते तेवढी जागा लागते.

फोंड्यात पोचलं की रस ऑम्लेटचा गाडा. दोन अंड्यांचं ऑम्लेट, वरून चिकन शागुतीचा रस, चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड आणि पाव. इथं वादाला मैदान मिळतं. मास्तर काउंटरवर मांडणी करतात. पाव म्हणजे गोल, पाण्याचा ग्लास किपर, कांद्याच्या चकत्या समोरचे, आणि लिंबाची फोड आमचा स्टॉपर. फोड ते बोटानं इंचभर पुढं सरकवतात. "इथं असायला हवा होता." दादा ती परत मागं नेतो. गाडेवाला एकही सामना बघत नाही, तो फक्त "हरले?" म्हणतो आणि उत्तराची वाट न बघता कांदा चिरू लागतो.

आणि मग भाचा फोनवरची बातमी वाचतो, की जानेवारीत खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची विंडो उघडली की कोलकात्याचा एक क्लब आमच्या स्टॉपरसाठी बोली लावणार.

काउंटर गप्प. सबंध रस्ताभर ज्याला घरी बसवला, पाडायला सांगितला, विकायला काढला, त्याच्यासाठी आता दादाचा आवाज चढतो. "आमचा पोरगा? डाव्या पायाचा? कशाला द्यायचा?" काका म्हणतात, 23 म्हणजे काय वय आहे का, स्टॉपर पिकतो अठ्ठावीसच्या पुढं. मास्तर म्हणतात, त्यांच्याकडे जाईल आणि वर्षभर बाकावर बसून शेवटी हेड मारायलाही विसरेल. इतकं एकमत या पाच जणांत कधी घरभाड्यावरही झालेलं नाही. द्यायचा नाही म्हणजे नाही. फक्त उभं कसं राहायचं ते त्याला कुणीतरी दाखवायला हवं, म्हणून मास्तर पुन्हा मांडणीकडे वळतात, तर स्टॉपर जागेवर नाही.

काकांनी तो केव्हाच ऑम्लेटवर पिळलाय, आणि सालही भायर मारलीय.