मोठं ड्रिल घातल्याने चुकलेलं भोक जागेवर येत नाही

जून-जुलैची मासेमारी बंदी लागली की मिरकरवाड्यापासून हर्णैपर्यंत बोटींची डागडुजी निघते, आणि तेव्हाच हा मेसेज फिरतो: 'प्लेटमध्ये भोक दोन मिलिमीटर चुकलं तर घाबरू नका. मोठं ड्रिल घाला, जागेवर येतं. पंच (ड्रिल टेकवायला टोकदार अवजाराने ठोकलेली खूण) मारत बसू नका. स्टेनलेसला फुल स्पीड. उरलेली फट एम-सीलने भरा.' कृपा करून यातलं काहीही करू नका.

आधी मोठं ड्रिल. त्याचं टोक जुन्या भोकाच्या पोकळीत अधांतरी राहतं. कापतात त्या बाहेरच्या धारा, आणि त्यांना वाट दाखवतं जुनंच भोक. १० मिमीचं भोक १२ चं होतं, मध्य मात्र चुकला तिथेच. बरं, २ मिमी सरकलेलं १० चं भोक पुरतं गिळायला १४ चं भोक लागतं. तेवढा बोल्ट जाळं ओढायच्या विंचच्या बैठकीला बसणार आहे का? नसेल तर त्याच धातूचा तुकडा भोकात ठोकून वेल्ड करा, घासून सपाट करा, नव्याने आखा.

खरं तर चूक पकडायची वेळ त्याआधीची. पंचभोवती कंपासने वर्तुळ आखलेलं असलं की ड्रिलने नुसता खळगा पाडताच तो कुठे कलला ते दिसतं. ड्रिलची पूर्ण जाडी आत जाण्याआधी थांबा. जिकडे सरकवायचं, खळग्याच्या त्या बाजूला गोल तोंडाच्या छिन्नीने चर पाडा. ड्रिल तिकडे ओढलं जातं. आमच्याकडे नव्या पोराला मी हे सगळ्यात आधी शिकवतो.

पंच नको म्हणणाऱ्याने ड्रिलचं टोक भिंगातून बघावं. मधली आडवी धार कापत नाही, धातू नुसता रेटते, म्हणून गुळगुळीत प्लेटवर घसरते. १३५ अंशांचं स्प्लिट पॉइंट ड्रिल, म्हणजे ही आडवी धार घासून आखूड केलेलं, कमी घसरतं, हे मान्य. पण हातातल्या मशीनने गोल पाइपवर तेही फसतं.

स्टेनलेसचं तर नेमकं उलट आहे. १० च्या साध्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिलला माइल्ड स्टीलमध्ये मिनिटाला साधारण ८०० फेरे चालतात, स्टेनलेसमध्ये ३५०-४००. ड्रिल न कापता नुसतं घासत राहिलं की स्टेनलेस तिथेच कडक होतं आणि धार जळते. फेरे कमी, दाब सलग, कटिंग ऑइल भरपूर.

आणि एम-सील? ते गळती थांबवायला आहे. जाळं ओढताना बोल्टवर येणारा आडवा झटका ते सोसत नाही. भेगाळलं की फटीत खारं पाणी साचतं, आणि बोल्ट आतून खात जातो, बाहेरून रंग शाबूत असतानाच.