सत्कार केव्हलारचा की कारकिर्दीचा?

एखाद्या शास्त्रज्ञाला जीवनगौरव मिळाला की त्याच्या मानपत्रात काय लिहिलंय ते मी हल्ली मुद्दाम वाचते. पॉलिमरवाल्यांच्या (पॉलिमर म्हणजे नायलॉन-प्लास्टिकसारखे, लांब साखळीच्या रेणूंचे पदार्थ) नशिबी बहुतेक एकच वाक्य येतं: अमुक पदार्थाचा शोध लावला. चाळीस-चाळीस वर्षांचं काम एका ब्रँडच्या नावात कोंबलं की लिहिणारे मोकळे!

याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे स्टेफनी क्वोलेक. बुलेटप्रूफ जॅकेटवाल्या बाई. त्यांची गोष्टही ठरलेली असते. 1965 साली प्रयोग फसला, द्रावण बिघडलं आणि नशिबाने केव्हलार, म्हणजे त्या जॅकेटांचा धागा, हाती लागलं.

या 'नशिबाने'चा मला मनापासून राग आहे.

क्वोलेक 1946 मध्ये रसायनशास्त्राची पदवी घेऊन डुपॉन्ट या अमेरिकन रसायन कंपनीत लागल्या. व्हायचं होतं डॉक्टर. फीचे पैसे जमेपर्यंत नोकरी करू, असा बेत. पण कामाची गोडी लागली आणि मेडिकल राहिलं ते राहिलंच. पीएचडी त्यांनी कधी केली नाही. (हे मुद्दाम सांगतेय. पदव्या मोजणाऱ्यांसाठी.)

मानपत्रात जे सहसा येत नाही ते काम 1950 च्या दशकातलं. नेहमीचं नायलॉन वितळलेल्या अवस्थेत, अडीचशे अंशांच्या पुढे तापवून करतात. पण साखळीत बेंझीनची कडी ओवली की ती इतकी ताठ होते, की वितळण्याआधीच तिचं विघटन व्हायला लागतं. मग असलं पॉलिमर करायचं कसं? उत्तर: तापवायचंच नाही. जास्त क्रियाशील कच्चा माल घ्यायचा आणि साध्या तापमानाला, द्रावणात साखळी वाढवायची. डुपॉन्टमधले सहकारी पॉल मॉर्गन यांच्याबरोबर क्वोलेक यांनी या पद्धतीवर वर्षानुवर्षं काम केलं. 1959 मध्ये दोघांनी त्यातला एक प्रयोग शिक्षकांसाठी लिहून काढला. एका चंचुपात्रात एकमेकांत न मिसळणारी दोन द्रावणं, त्यांच्या सीमेवर धरलेला नायलॉनचा पापुद्रा, आणि तो चिमट्याने उचलला की दोरीसारखा वर येतच राहतो. वीज नाही, शेगडी नाही. रसायनशास्त्राच्या वर्गात हा प्रयोग आजही करतात; करणाऱ्यांपैकी किती जणांना तो कुणाचा हे माहीत असतं, देव जाणे.

आता 1965 कडे येऊ. आदल्या वर्षी त्यांच्या गटाला टायरसाठी हलका पण मजबूत धागा शोधायला सांगितलं होतं, कारण पेट्रोलची टंचाई येईल अशी धास्ती होती. पॉलिमरचं द्रावण दाट आणि पारदर्शक असावं अशी अपेक्षा. हे निघालं पातळ आणि गढूळ, ताकासारखं. असलं द्रावण सिंकमध्ये ओतून दिलं असतं तरी कुणी नाव ठेवलं नसतं. क्वोलेक यांनी ते गाळून पाहिलं. घन कण असतील तर गाळणीवर राहतील. गाळूनही गढूळपणा तसाच! धागा काढायचं यंत्र चार्ल्स स्मुलन यांच्या ताब्यात. स्पिनरेटची, म्हणजे ज्या चाळणीतून धागा निघतो तिची, बारीक छिद्रं तुंबतील म्हणून ते तयार होईनात. बाईंनी पिच्छा सोडला नाही. अखेर धागा निघाला आणि ताणला तरी तुटेना. मोजणीचे आकडे एवढे मोठे आले की कुणाला सांगण्याआधी त्यांनी पुन्हापुन्हा मोजून घेतले.

गढूळपणाचं कारण पुढे उलगडलं. ताठ रेणू द्रावणातच एका दिशेला रांगा लावून उभे होते, म्हणजे तो द्रवस्फटिक होता. छिद्रातून जाताना त्या रांगा धाग्याच्या दिशेने आणखी सरळ होतात आणि ताकद येते ती तिथून. वजनाला वजन लावलं तर पोलादाच्या पाचपट. यात नशीब कुठे आलं? कमी तापमानाला पॉलिमर करायची पंधरा वर्षांची सवय हाताला नसती, तर ते गढूळ द्रावण तयारच झालं नसतं.

आणि दुसरी बाजूही सांगते. 'एकटीने केव्हलार शोधलं' हेही तितकंसं बरोबर नाही. त्यांचा पहिला धागा वेगळ्या पॉलिमरचा होता. बाजारात आलेल्या धाग्यामागे डुपॉन्टमधल्याच हर्बर्ट ब्लेड्स यांनी बसवलेली धागा काढण्याची पद्धत आहे. स्मुलन यांचं नाव तर कुठल्या मानपत्रात मला दिसलेलं नाही.

अमेरिकन केमिकल सोसायटीने 1980 मध्ये क्वोलेक यांना गौरवलं खरं, पण नॅशनल मेडल ऑफ टेक्नॉलॉजी 1996 मध्ये आणि पर्किन पदक 1997 मध्ये आलं. त्या निवृत्त झाल्या 1986 ला! 2014 मध्ये त्या गेल्या तेव्हा मृत्युलेखांचे मथळे पुन्हा केव्हलारचेच.

माझं म्हणणं एवढंच, की कारकिर्दीचा गौरव करायचा तर 1965 च्या आधी 1959 लिहा. दोन द्रावणांच्या सीमेवर पापुद्रा धरायची ती पद्धत पुढे पाणी शुद्ध करण्याच्या कामी आली. आरओ प्युरिफायरच्या पडद्यावरचा पॉलिअमाइडचा (नायलॉनच्याच जातीच्या पॉलिमरचा) अतिपातळ थर आज तशाच पद्धतीने करतात. गोळी अडवणाऱ्या जॅकेटपेक्षा कितीतरी जास्त माणसांचा या थराशी रोज संबंध येतो.