काटेसावरीचे काटे

मुंबईला वसंत ऋतू नाही असे म्हणणाऱ्यांनी फाल्गुनात एकदा भायखळ्याच्या राणीच्या बागेत यावे. (बुधवारी नको, त्या दिवशी बाग बंद असते.) १८६२ साली खुल्या झालेल्या या बागेचे आजचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, लालबाग-परळच्या आमच्या पिढीच्या तोंडी मात्र ती राणीची बागच राहिली. परवा नातवाला घेऊन गेलो होतो. त्याला पेंग्विन पाहायचे होते आणि मला उर्वशी. मूळची ब्रह्मदेशातली ही उर्वशी बहरात होती, तिचे लाल-पिवळे घोस झुंबरासारखे खाली लोंबत होते. पण आम्ही दोघेही रेंगाळलो ते काटेसावरीपाशी.

काटेसावर फुलते तेव्हा अंगावर बहुधा पान ठेवत नाही. कोरड्या दिवसांत पाने गाळली की पाणी वाचते, आणि उघड्या फांद्यांवरची मांसल लाल फुले पाखरांना दुरून दिसतात. वर साळुंक्या, कोतवाल आणि कावळे यांची मधासाठी एकच झुंबड उडाली होती. नातवाचे लक्ष खाली, एका तरुण झाडाच्या खोडावरच्या शंकूसारख्या काट्यांकडे. पलीकडच्या जुन्या झाडाला काटे का नाहीत, असे त्याने विचारले. कोवळी साल जनावरांनी खाऊ नये म्हणून काटे असतात, खोड थोराड झाले की ते झिजत जातात, असे मी सांगितले आणि सांगता सांगता मला दादा आठवले.

दादा म्हणजे माझे वडील. ते गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. चाळीतली एक खोली, आम्ही चार भावंडे, वाण्याची उधारी, आणि नाक्यावर उभी असलेली, पोरांना सहज ओढून नेणारी टोळकी. दादांचा धाक असा की जिन्यावर त्यांची चप्पल वाजली तरी आम्ही पुस्तके उघडत असू. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि त्यानंतर दादा कामावर परतले नाहीत. पुढे ते इतके मऊ झाले की नातवंडे त्यांच्या मिशा ओढत. संपाने माणूस मोडला, असे चाळ म्हणायची; मीही इतकी वर्षे तेच मानत आलो. संपाने त्यांचे फार काही नेले, यात शंका नाही. पण नीट आठवून पाहतो तर दादांचा आवाज खाली आला तो धाकट्याला नोकरी लागल्यानंतर, म्हणजे संपानंतर कित्येक वर्षांनी. तोवर आमच्यापैकी कोणीही नाक्यावरच्या टोळक्याच्या तोंडी लागण्याजोगे उरले नव्हते. त्या मऊपणाला पराभव म्हणणे मला आता पटत नाही.

तेवढ्यात वरून एक फूल धप्पकन पडले. नातवाने ते उलटे करून झटकले, आतून दोन मुंग्या बाहेर पडल्या, आणि ‘हे आजीला’ म्हणून त्याने ते माझ्या सदऱ्याच्या खिशात कोंबले.